विमानाशिवाय धायरीत उतरताना

सकाळी हडपसरच्या आमच्या मैदानावर ढग इतके खाली आले होते, की समोरच्या इमारतींचे वरचे चार मजले गायब झाले होते. ग्लायडर म्हणजे बिनइंजिनाचं विमान. विंच (लांब तार गुंडाळणारं यंत्र) त्याला ओढून वर सोडतं, पुढे तापून वर चढणाऱ्या हवेवर तरंगायचं. ऊन नाही तर उडणं नाही. डिसेंबरातले ढग म्हणजे सुट्टी, असं समजून मी हँगरच्या कोपऱ्यात पुस्तक उघडलं.

"सुट्टी कोणी दिली?" शिंत्रे सर म्हणाले.

सर आमचे प्रशिक्षक. पुढच्या महिन्यात स्पर्धा होती. तिच्यासाठी मैदानापासून लांब, एकटीनं उडण्याची परवानगी हवी, आणि तिच्यावरची सरांची सही तीन आठवडे अडली होती. माझ्या उडण्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. न बोलण्याबद्दल होती. लांब गेल्यावर हवेनं दगा दिला, की दिसेल त्या शेतात उतरावं लागतं आणि मग मालकाची समजूत काढावी लागते. मी तर हॉटेलात चहाही मेनूवर बोट ठेवून मागवते.

"ग्लायडरला इंजिन नाही, तुला तोंड नाही," सर म्हणाले. "दोघांपैकी एकाकडे तरी काहीतरी हवं ना? धायरीकडे जा. उतरण्यासारखं शेत शोध, चालून बघ आणि मालकाला माझ्याशी फोनवर बोलायला लाव. मग सही."

स्वारगेटला बस बदलली.

"धायरी एक."

"फाटा की गाव?" कंडक्टरनी विचारलं.

मी फोनवर नकाशा उघडला.

"उतरायचं कुठं ते चढायच्या आधी ठरवावं, मॅडम."

सर मला हेच रोज सांगतात. दोघांची ओळख असावी.

फोनवरच्या उपग्रह-नकाशात मी एक सुरेख हिरवा आयत हेरून ठेवला होता. लांब, सपाट, आजूबाजूला झाडं नाहीत. प्रत्यक्षात तिथे कमान निघाली आणि कमानीखाली पाटी : 'लॉनवर चालू नये. चालल्यास कार्यालय बुक केले असे समजण्यात येईल.'

"मुलीकडचे की मुलाकडचे?" टेबलामागच्या मॅनेजरांनी मान वर न करता विचारलं.

"मला... ग्लायडर उतरवायचंय."

"एंट्रीला? हेलिकॉप्टर येऊन गेलंय आमच्याकडे."

"याला इंजिन नसतं."

"मग उत्तम. आवाजाची कटकट नाही."

लॉनभर दिव्यांच्या माळांचे खांब उभे होते. नकाशात एकही दिसला नव्हता. मी आभार मानले आणि पाटीला वळसा घालून बाहेर पडले.

इमारती विरळ होईपर्यंत टेकडीकडे चालत राहिले. तिथे हरभऱ्याचं एक लांबट शेत होतं आणि बांधावर साठीच्या एक मावशी बसल्या होत्या. बसमध्ये पाठ केलेलं 'नमस्कार, मी एक वैमानिक आहे' हे वाक्य ऐन वेळी विसरले.

"प्लॉट बघायला आलीस व्हय? इकायचं न्हाई."

"नाही, मावशी. मला इथं विमान उतरवायचंय."

त्यांनी आधी आभाळाकडे पाहिलं, मग माझ्या मागे. "कुठं हाय?"

"आत्ता नाहीये. पण कधी उतरावं लागलं, तर चालेल का?"

"म्हंजी यायचं न्हाई, पर आलीस तर चालंल का, आसं इचारतीस?"

"हो."

"माझी धाकटी नणंद बी आसंच बोलती." त्या उठल्या. "चल, बघ."

मी पावलं मोजत शेताच्या कडेनं गेले. लांबी पुरेशी, चढ नाही. "छान आहे," मी म्हणाले.

"छान हाय. पर हिकडनं आलीस तर मरशील."

त्यांनी बोट दाखवलं. विहिरीवरच्या मोटरची वायर, दोन बांबूंच्या आधारानं, शेताच्या तोंडाशी आडवी गेलेली. करड्या ढगांपुढे करडी वायर. दहा पावलांवरून मला दिसली नव्हती. वरून काय दिसणार होती?

"मग उतरू कुठे?"

हा प्रश्न पाठ केलेला नव्हता. मावशींनी मला बांधापलीकडच्या पडीक रानात नेलं. तेही त्यांचंच. दगड आहेत का, पाणी साचतं का, गुरं केव्हा चरतात, मी विचारत सुटले. ओढ्यापर्यंत पोचल्यावर लक्षात आलं, की बराच वेळ मीच बोलत होते.

"दुपारची गुरं नसत्यात. तवा ये. आन् वरनं आधी हाक मार."

मी सरांना फोन लावून मावशींच्या हातात दिला.

"तुमीच का ते सर? असल्या गारठ्यात पोरगी धाडलीत, खायला तरी घातलंत का?" उत्तराची वाट न बघता त्या पुढे म्हणाल्या, "हरभऱ्यात उतरू देणार न्हाई. वायर हाय. पल्याड देईन." आणि फोन बंद.

निघताना त्यांनी डहाळा (घाट्यांसकट उपटलेला हिरवा हरभरा) दिला. परतीच्या बसमध्ये तो सोलत बसले.

"कुठून आणलात हो?" शेजारच्या काकूंनी विचारलं.

"एका शेतात उतरले होते," मी म्हणाले आणि निम्मा त्यांना दिला. स्वारगेट येईपर्यंत काकूंना वायरीसकट सगळं माहीत झालं होतं.

हँगरमध्ये सरांनी न विचारता माझ्या डहाळ्यात हात घातला, दुसऱ्या हातानं माझी उड्डाणांची नोंदवही ओढली. आधी परवानगीची सही केली. मग आजच्या ओळीत लिहिलं : उड्डाणे – शून्य. उतरणे – एक.

त्या वहीत माझी पुष्कळ उतरणी आहेत. सगळी याच धावपट्टीवर, कुणालाही काही न विचारता. आजच्या नोंदीपुढे 'ठिकाण' हा रकाना सरांनी मोकळा सोडला होता. निघताना मावशींचं नाव विचारून घेतलं होतं, म्हणून त्यांच्या नावापुढे 'यांचं रान, धायरी' असं लिहून तो मला भरता आला.