चित्र अडकतं, आवाज जातो

कामठ्याच्या रत्नपालला स्वतःच्या कॉम्प्युटरची किळस यायची. किळसच, दुसरा शब्द नाही. गोंदियातली एक टायपिंग इन्स्टिट्यूट बंद पडली तेव्हा तिथून उचलून आणलेलं ते धूड. कीबोर्डच्या फटींत कुणाकुणाच्या हातातून सांडलेला चिवडा, आत धुळीचे बोळे, आणि एकदा झाकण उघडलं तर सुकलेली पाल निघाली. तेव्हापासून त्यानं झाकण लावलंच नाही. तापून बंद पडू नये म्हणून बाजूला टेबलफॅन ठेवला. फॅन सुरू झाला की खोलीभर जळक्या धुळीचा वास सुटायचा, आणि त्या वासात बसून हा पठ्ठ्या रोज दुपारी गाड्यांच्या शर्यतीचा गेम खेळायचा आणि इंटरनेटवरून लोकांना लाइव्ह दाखवायचा.

खेळायचा मात्र अफलातून. कॉम्प्युटर इतका मठ्ठ, की वळण पडद्यावर उमटायलाच उशीर व्हायचा. मग हा काय करायचा, वळण दिसायच्या आधीच गाडी वळवायचा. सगळे रस्ते तोंडपाठ. सकाळभर मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात लोकांचे घामट फोन उघडताना त्याच्या डोक्यात एकच घोळत असायचं, की कुणीतरी आपल्याला चांगला खेळाडू म्हणावं. बस, एवढंच हवं होतं त्याला. पण बघणार कोण? मावसभाऊ बंटी, आणि एखाददुसरा वाट चुकलेला.

त्यात बोलायचा हिंदीत. "हाय गाइज, स्वागत है आपका," असं लाइव्ह खेळून दाखवणारे मोठमोठे स्ट्रीमर बोलतात तसं, नाकातून. घरातली झाडीबोली लोकांसमोर काढायची त्याला लाज वाटायची.

घरात रेंज फक्त खिडकीच्या गजापाशी. तिथे त्याचा मोबाइल सुतळीनं बांधलेला. त्याच मोबाइलच्या नेटवर कॉम्प्युटर, आणि त्याच नेटवर आई, अल्काबाई, स्वयंपाक करता करता आपल्या फोनवर भीमगीतं लावायची. तिनं गाणं लावलं की इकडे बघणाऱ्यांना गाडी जागच्या जागी थिजलेली दिसायची. बंटी लिहायचा, "अटक गया."

इथेच रत्नपालनं माती खाल्ली. घरातला टीव्ही अडकला की चित्र आणि आवाज दोन्ही बंद पडायचे, तसंच इथेही होत असणार, म्हणजे आपलं बोलणंही कुणाला ऐकू जात नसणार, असं तो धरून चालला. पण नेट थोडकं असलं की चित्र अडकतं आणि आवाज आपला आरामात पुढे जात राहतो. हे त्याला कुणी सांगितलं नाही, आणि त्यानं कुणाला विचारलं नाही.

एका दुपारी गाडी पहिल्या नंबरावर होती आणि बंटीचं "अटक गया" आलं. रत्नपालच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"ए माय, बंद कर ना तो मोबाइल! दिवसभर काऊन लावून रायली? माया जीव जाऊन रायला इथं!"

"काऊन वरडून रायला रे? माई भाजी करपून रायली," अल्काबाई स्वयंपाकघरातून म्हणाली.

"आग लागो तुया भाजीले!"

मग कॉम्प्युटरला, फॅनला आणि मोबाइलच्या टॉवरला त्यानं ज्या शिव्या हासडल्या, त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत. त्यातली प्रत्येक शिवी बघणाऱ्यांनी ऐकली.

कुणीतरी तेवढा तुकडा कापून पुढे पाठवला. थिजलेली गाडी, आणि मागे मायलेकाचं भांडण. थेट देवरीपर्यंत पोचला तो. पानठेल्यावरची पोरं रत्नपालला "भाजीले आग" अशीच हाक मारू लागली. आणि लाइव्ह बघायला ही झुंबड!

पण काय बघायला? गाडीकडे कुणाचं लक्षच नाही. "माँ को बुला." "आईवर ओरड ना भाऊ." रिकामटेकडे मेले, हसून हसून लोळणारे चेहरे पाठवायचे. यांच्या घरी माय नाही का, असं रत्नपालला वाटायचं. त्यांचं लिहिलेलं वाचताना उष्ट्या ताटात हात पडल्यासारखं व्हायचं त्याला. घरात अल्काबाईनं गाणी लावणं सोडून दिलं. तो खेळायला बसला की ती फोन फळीवर ठेवून द्यायची.

एकदा नीट खेळून दाखवू, मग यांची तोंडं बंद होतील, असं त्यानं ठरवलं. गोंदियात त्याचा मित्र चंद्रकुमार राहायचा. त्याच्याकडे वेगवान नेट आणि नवाकोरा कॉम्प्युटर. रविवारी रत्नपाल बसनं तिकडे गेला. आज खरा खेळ बघा, असं आधीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. आणि खेळला की हो! एकदाही धडक नाही, एकदाही अडकणं नाही. मागे उभा असलेला चंद्रकुमार हातातला चहा प्यायचा विसरला. पण बघणारे एकेक करून उठून चालले होते. "बोअर." "आज मजा नहीं." "माँ कहाँ है?" गाडीनं पहिल्या नंबरावर शेवटची रेषा ओलांडली तेव्हा एकटा बंटी उरला होता. त्यानं लिहिलं, "भाऊ, घरूनच करत जा. मजा येते."

परतताना बसमध्ये त्याला सगळ्यांचा वीट आला. बंटीचा, त्या हसणाऱ्या चेहऱ्यांचा, गुळगुळीत नव्या कॉम्प्युटरचासुद्धा. पण सगळ्यात जास्त घाण वाटली ती स्वतःची. कारण कामठा येईपर्यंत तो मनातल्या मनात, उद्या आईला काय काय बोलायचं, याची जुळवाजुळव करत होता.

दुसऱ्या दुपारी तो घरून लाइव्ह बसला. लोक जमले. गाडी पळत होती, चित्र अडकत नव्हतं, घर गप्प होतं. ओरडायला काही निमित्तच मिळेना. लोक कंटाळून लिहू लागले, काही निघालेसुद्धा.

तेवढ्यात अल्काबाई दारात येऊन उभी राहिली. ओले हात पदराला पुसले. फळीवरचा फोन तिच्या हातात होता. रत्नपालनं पटकन माइकवर हात दाबला.

"शेजारच्या नीलानं दाखवला मले तो व्हिडिओ," ती हळूच म्हणाली. "लोकाइले आवडते म्हणे. मी गाणं लावतो, तू वरड. भाजीचं मी म्हणतो."

रत्नपालनं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"लाव," तो म्हणाला, आणि त्यानं माइकवरचा हात काढला.