बाकावरचा परका

इथे परदेशात, आमच्या पेंडल हिल स्टेशनवर, सकाळच्या ट्रेनला एक म्हातारा रोज माझ्याच बाकावर येऊन बसायचा. मी लगेच मध्ये बॅग ठेवायचे. तो टोपी काढून गुडघ्यावर ठेवायचा आणि विचारायचा, "तुमची माणसं स्वतःला काय म्हणवतात?" मी "इंडियन" म्हणून मोकळी व्हायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. "ते नको, घरातलं नाव सांगा."

मी अशा गल्लीत वाढलेय, जिथे आडनाव विचारतात ते जात कळावी म्हणून. असले प्रश्न कशासाठी असतात, हे मला कोणी शिकवू नये. घरी मी नवऱ्याला म्हटलं, "त्या गोऱ्याचं लक्षण काही ठीक दिसत नाही."

शेवटी एकदा मी चिडलेच. "तुम्हाला हवंय तरी काय?"

तो टोपीची कड चाचपत म्हणाला, "मी वेल्सचा. तुमच्या ड्रायव्हिंग लायसन्सवर राज्याचं नाव न्यू साउथ वेल्स आहे ना, त्यातलंच वेल्स. आम्हाला 'वेल्श' म्हणायला लागले ते शेजारचे इंग्रज. त्यांच्या जुन्या भाषेत त्याचा अर्थ परके. आमच्याच घरात आम्ही परके! आम्ही स्वतःला 'कम्री' म्हणतो, म्हणजे आपली माणसं. म्हणून मी आधी घरचं नाव विचारतो."

माझा विश्वास बसेना. ट्रेनमध्ये फोनवर शोधलं, तर सगळं खरं निघालं.

संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं, "अरे, तो गोरा चांगला माणूस आहे."

"हो? नाव काय त्याचं?"

मी कधी विचारलंच नव्हतं. 'गोरा' हे मीच ठेवलेलं.