नाण्यावरचं पान

प्रशांत महासागरातल्या तुवालूत, आमच्या बेटावर, पुलाका खड्ड्यात लावतात. अळूच्याच जातीचं पीक, पण पान छत्रीएवढं आणि कंद वर्षानुवर्षं पोसायचा. त्याला कोणकोणता पाला कसा कुजवून घालायचा, हे ज्या त्या घराचं गुपित असतं. बाप ते मुलाला सांगतो, तेही कानात.

तेआगाईच्या कंदांना बेटावर तोड नव्हती. शेजारच्या खड्ड्याचा पावेली त्यापायी जन्मभर जळला.

"काय घालतोस रे एवढं? सासूच्या शिव्या?"

"हो. तुझी सासू गोड बोलते, तिथंच तुझं अडलं."

तेआगाईचा मुलगा निउ ऑकलंडला गेला, तेव्हा सगळ्यात मोठा कंद बापाने त्याच्या नावाने राखला. तो परत आला की काढायचा आणि त्याच दिवशी गुपितही सांगायचं. पण गेल्या मोठ्या भरतीला समुद्राचं पाणी जमिनीखालून खड्ड्यांत चढलं. पानं पिवळी पडू लागली.

"आताच काढ," पावेली म्हणाला.

"त्याच्या नावाचा आहे," एवढंच तेआगाई बोलला.

निउ नाताळला आला. संध्याकाळी आम्ही शेजारीपाजारी जमलो होतो. त्याने डबीतून एक चांदीचं नाणं काढलं. पृथ्वी आणि पर्यावरणाच्या गौरवासाठी आमच्याच देशाच्या नावाने परदेशात पाडलेलं. इथे ते कुणी पाहिलंही नव्हतं. त्यावर पुलाकाचं पान होतं.

"बाबा, मागे पानांचे फोटो काढायला ते फोटोवाले आले होते ना? हे आपल्या खड्ड्यातलं पान."

तेआगाईने नाणं डोळ्यांजवळ नेलं. "शिरा बरोबर काढल्यात," म्हणाला आणि त्याने ते माझ्या, शाळेच्या बाईंच्या, हातात दिलं. "बघा, बाई."

मग खड्ड्यात उतरून त्याने कंद उपटला. निम्म्याहून जास्त चिखलासारखा हातातून गळला. उरलेला तुकडा घासून-पुसून त्याने भाजला आणि नारळाच्या दुधात घालून मुलापुढे ठेवला. निउने थेंबही मागे ठेवला नाही.

"छान झालाय, बाबा."

"खारट आहे. भाजताना चाखलाय मी."

निउ खाली मान घालून बसला. तेआगाईने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि तो सगळ्यांदेखत, रोजच्या आवाजात, सांगायला लागला: आधी कुठल्या झाडाची पानं, ती किती वाळवायची, मुळाशी कशी दाबायची. पावेलीची नजर चटईवर होती.

"हळू बोल रे," तो अखेर म्हणाला. "मला ऐकू येतंय."

तेआगाईने आवाज खाली आणला नाही.