आरती चालू असताना बसायचे नाही

मार्गळी, म्हणजे तमिळ मार्गशीर्ष महिन्याचा पहिला रविवार, सकाळ. हजर: आई, चेन्नैहून आलेला माझा मोठा भाऊ म्हणजे अण्णा, समोरच्या घरातल्या मामी, केबलवाला आणि मी. गैरहजर: माझे यजमान. ते भाजी आणायला गेले होते, आणि घरात काही उतरवायचे किंवा चढवायचे असले की त्यांना भाजी निवडायला फार वेळ लागतो.

रोजच्या कॅलेंडरचे पान फाडले की त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर दिवसाची कामे लिहायची, ही माझी जुनी सवय. त्या दिवशीची कामे अशी होती: जुना टीव्ही उतरवणे, नवा भिंतीवर लावणे, केबलची पेटी परत देणे, आईला रिमोट शिकवणे. जेवणाआधी सगळे उरकेल असा माझा हिशेब होता.

तमिळ मुलखातल्या आमच्या मेलकावेरीच्या गल्लीत, जिथे मराठी फक्त आमच्याच घरात बोलतात, केबल घेणारी घरे एकेक करून कमी होत गेली होती. ज्याला त्याला इंटरनेट हवे होते. केबलवाल्याने वाईट वाटून घेतले नाही, निदान आम्हाला तसे दाखवले नाही. ज्या खांबांवरून त्याने वीसेक वर्षे केबल ओढली, त्याच खांबांवरून तो एका कंपनीसाठी इंटरनेटची वायर ओढू लागला. महिनाअखेरीला केबल बंद, असे त्याने घरोघरी जाऊन सांगितले होते.

आम्हाला त्याचे काहीच वाटले नसते, पण त्याच्या गावापुरत्या छोट्या वाहिनीवर रोज सकाळी गोविंदपुरम्च्या विठ्ठलाची आरती लागायची. आई पूर्वी दर एकादशीला बसने गोविंदपुरम्ला जायची. गुडघे गेले तसे बसची पायरी चढणे बंद झाले, आणि टीव्हीसमोर उभे राहणे हेच तिचे गोविंदपुरम्ला जाणे झाले. अंघोळ, समई, मग टीव्ही. आरती संपेपर्यंत खुर्चीची पाठ धरून उभी. नंतर कॉफी, कॉफीनंतर रक्तदाबाची गोळी. आरती चालू असताना बसायचे नाही, हा आमच्या घरातला लहानपणापासूनचा कायदा, आणि टीव्हीवरची आरती त्याला अपवाद नव्हती. मी हातात उलथने घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहायचे. एकदा नळ दुरुस्त करायला आलेला माणूसही पाना हातात धरून शेवटपर्यंत उभा राहिला होता.

म्हणून नव्या टीव्हीचे खोके उघडले तेव्हा आईने त्याच्या आकाराकडे पाहिलेच नाही. अण्णाला तिने एवढेच विचारले, "गोविंदपुरम् येईल ना?"

"सगळं जग येईल, आई."

"जग नको मज. गोविंदपुरम्."

अण्णाने भिंतीवर टीव्ही लावला, केबलवाल्याने वायर जोडून दिली. अण्णाने शोधाशोध करून विठ्ठलाच्या आरतीचे एक चित्रीकरण लावले. चित्र इतके स्वच्छ की तुळशीच्या माळेतले पान न् पान दिसत होते. आम्ही सगळे उभे राहिलो. आरती संपली. मामी म्हणाल्या, एवढा मोठा देव दिसतोय, आता आम्हाला तिकडे जायचं कारणच उरलं नाही, बसचे पैसे वाचले. आईने त्यांच्याकडे असे पाहिले की त्या सांबाराचे निमित्त काढून घरी गेल्या.

जुना टीव्ही केबलवाला एका चहाच्या दुकानासाठी नेणार होता. तो जड. अण्णा आणि तो दोघे तो धरून खाली उतरले, मी पुढे फाटक उघडायला गेले. गाडीवर टीव्ही बांधता बांधता अण्णाला लहानपणीचा गच्चीवरचा अँटेना आठवला. तो वर अँटेना फिरवायचा, मी जिन्यात मधल्या पायरीवर निरोप्या, आणि आई खालून सांगायची: आलं, आलं, गेलं. शुक्रवारी संध्याकाळी सिनेमाची गाणी असत, तेव्हा अर्धी गल्ली आमच्या घरात चटयांवर बसलेली असायची आणि चित्र गेले की सगळ्यांच्या शिव्या अण्णाला. केबलवाला म्हणाला, चटईवर बसणाऱ्यांत मीही होतो, तुम्हाला आठवत नसेल. अण्णाला खरेच आठवत नव्हते. मला आठवत होते; तो दाराजवळ बसायचा, कारण त्याला घरी लवकर जावे लागे. बोलण्यात वेळ गेला.

आम्ही वर आलो तेव्हा आई खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरून उभी होती. पाय थरथरत होते, कपाळावर घाम. पडद्यावर आरती चालू होती. पहिली संपल्यावर टीव्हीने आपोआप दुसरी लावली होती, दुसरीनंतर तिसरी. आम्हाला हाक मारायची तर आरतीत बोलावे लागले असते.

अण्णा धावत जाऊन म्हणाला, बस आधी. ती बसेना.

"देव उभा आहे. मी कशी बसू?"

मी रिमोट घेऊन चित्र थांबवले. ते करायला नको होते. ओवाळणारा हात हवेत थबकला, ज्योत गोठली, आणि आई तशीच उभी. अर्धी आरती टाकून बसतात का, असे तिने मला विचारले. अण्णा टीव्हीचे बटण भिंतीतूनच बंद करायला निघाला. मी त्याला अडवले आणि आरती पुढे चालू केली. संपवणे हाच जवळचा रस्ता होता. अण्णाने एका बाजूने आईचा दंड धरला, मी दुसऱ्या. पेटी न्यायला वर आलेला केबलवाला चपला काढून दारातच हात जोडून उभा राहिला. शेवटचा घंटानाद झाला न झाला तोच मी पडदा काळा केला. आई बसली.

पाणी दिले, गुळाचा खडा दिला. ती रागावली असती तर बरे झाले असते. तिने शांतपणे विचारले, "ह्यातली आजची कोणती?"

अण्णाने सांगितले की ह्या साठवून ठेवलेल्या आरत्या आहेत, तुला पाहिजे तेव्हा पाहता येतील, दुपारी, संध्याकाळी, दहा वेळा. हे तिला आवडेल असे त्याला मनापासून वाटत होते.

"मग मी इतका वेळ कोणासमोर उभी होते?"

 पाण्याचा पेला खाली ठेवून ती म्हणाली, "मज जुनी पेटी द्या."

अण्णाचा चेहरा उतरला. पेटी एव्हाना केबलवाल्याच्या हातात होती, आणि महिनाअखेरीला ती मुकी होणार हे तिघांनाही माहीत होते. मला त्या क्षणी टीव्हीची काळजी नव्हती. सकाळची ती पंधरावीस मिनिटे गेली तर आई अंघोळीला कशासाठी उठेल, याची होती.

केबलवाल्याने तमिळमध्ये सांगितले की सकाळची आरती इंटरनेटवरही थेट दिसते, त्याच वेळी, त्याच देवळातून. आईचा विश्वास बसेना. काल तशीच आज दिसते, ती आजची आहे हे कोणी सांगायचे? माळ रोज तुळशीचीच असते.

तो जरा विचार करून म्हणाला, "उद्या सकाळी मी जातो, पाट्टी. कॅमेऱ्यासमोर उभा राहतो. मी दिसलो तर आजची."

तो आईला आजीच म्हणत आला आहे, आणि ती त्याला तम्बी, म्हणजे धाकटा भाऊ. हे नाते कसे बसते ते दोघांनी कधी तपासले नाही. आईने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिले.

"अंघोळ करून जा, तम्बी. आणि ही पँट नको. वेष्टी नेस."

त्या दुपारी मी टीव्हीच्या सगळ्या सोयी एकेक करून उघडल्या आणि आपोआप पुढचे लावण्याची सोय बंद केली. अण्णाने रात्रीची बस सोडून दुसऱ्या दिवसाची घेतली.

सोमवारी दारात कोलमची रांगोळी काढून मी आत आले तर आई तयार होती, समई लावलेली, हात खुर्चीच्या पाठीवर. मामी ओले केस तसेच बांधून आल्या होत्या. त्यांना परीक्षा चुकवायची नव्हती. अण्णाने थेट प्रक्षेपण लावले. आधी पडद्यावर नुसते चक्र फिरले. आई चक्राकडे बघत होती आणि अण्णा आईकडे. मग घंटा ऐकू आली, गाभारा दिसला, पुढे लोकांच्या पाठी. त्यांत तो नव्हता. मामी हळूच म्हणाल्या, झोपला असेल. अण्णाने त्यांना गप्प केले.

आरती सुरू झाल्यावर डाव्या कडेने तो आला. केस ओले, लुंगीसारखी नेसलेली पांढरी वेष्टी. त्याने आधी देवाला नमस्कार केला, रीतसर, घाई न करता. मग कॅमेऱ्याकडे वळून हात जोडले आणि पासपोर्टच्या फोटोला राहतात तसा ताठ उभा राहिला. कोणीतरी मागून त्याला बाजूला व्हायला सांगितले असावे. तो झाला.

आई म्हणाली, "वेष्टी नवी घेतली वाटतं."

आरती संपली. पडदा तिथेच राहिला, पुढचे काही लागले नाही. आई बसली आणि तिने कॉफी मागितली.

तेव्हापासून सकाळ पुन्हा जागेवर आहे. दुपारी आई महाराष्ट्रातली कीर्तने ऐकते. आमच्या घराबाहेर इतकी मराठी तिने उभ्या आयुष्यात ऐकली नव्हती. ते फार भरभर बोलतात, अशी तिची तक्रार आहे. पण एखादा शब्द तिच्या आजीच्या तोंडचा निघाला की ती मला स्वयंपाकघरातून बोलावते. मामींना ती सगळे तमिळमध्ये सांगते, मूळ कीर्तनापेक्षा जास्त वेळ घेऊन. अण्णाने एवढा खर्च करून टीव्ही आणला याचे मला बरे वाटते. पण आभार मानायचे तर आधी त्या माणसाचे, ज्याचा जुना धंदा आम्हीच गल्लीने मिळून बंद पाडला आणि जो थंडीत अंघोळ करून, पहिली बस धरून, एका म्हातारीला तिचा आजचा दिवस दाखवायला गेला. मी त्याला डबाभर आंबट भाजी आणि भात दिला. डबा त्याने दुसऱ्याच दिवशी धुऊन परत केला.

त्या रविवारच्या पानावर चारही कामांपुढे खूण आहे. खाली आईने मला पाचवे लिहायला लावले: तिला गोविंदपुरम्ला नेणे. तम्बी दिसला तर मीही दिसेन, असे तिचे म्हणणे. ऑटो ठरवता येईल, तिथे खुर्चीही मिळते, केबलवाला सोबत यायला तयार आहे. पण अट अशी की ती कॅमेऱ्यासमोर असेल तेव्हा अण्णाने चेन्नैत टीव्हीसमोर असायला पाहिजे, अंघोळ करून, आणि उभे. अण्णाला सध्या कामावर सकाळची पाळी आहे. पान अजून फ्रिजवर लावलेले आहे.