खुलासा सादर करावा

विशाखाताई गेल्याची बातमी सकाळी शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आली. हृदयविकाराचा झटका. खाली जोडलेल्या हातांच्या चित्रांची रांग लागली, आणि त्या रांगेतच मुख्याध्यापकांचा आदेश : 'प्रशिक्षणाचे फोटो आजच पाठवा.' दीड महिना झाला, माझा संताप अजून उतरलेला नाही.

मारेगाव तालुक्यातल्या आमच्या शाळेत कोलाम आदिवासींची मुलंही येतात; ताई तिसरीला शिकवायच्या, मी पाचवीला. आमच्याकडे एक अलिखित नियम आहे : दुसऱ्याच्या वर्गात पाऊल टाकायचं नाही. ताईंनी तो पाळलाच नाही. त्यांची मुलं कवायतीला गेली की त्या माझ्या वर्गात मागच्या बाकावर येऊन बसायच्या. पहिल्या दिवशी मला घामच फुटला. "घाबरू नको वं," त्या म्हणाल्या, "तू भागाकार बरा शिकवतं. मले पाहू दे." वीस वर्षं नोकरी झालेली बाई माझ्यासारख्या नवखीकडून शिकायला आली होती!

शिक्षकांच्या खोलीत मात्र त्यांना नाव पडलं, सीआयडी. कुणी म्हणे साहेबांना चुगल्या पुरवते, कुणी म्हणे पुरस्काराची तयारी चाललीय. मग मुख्याध्यापकांनी ताईंच्या हातात कागद ठेवला : इतरांच्या अध्यापनात व्यत्यय का आणला, लेखी खुलासा सादर करावा. मला कसलाच व्यत्यय आला नव्हता... एवढं एक वाक्य मी बोलायला हवं होतं. मी मूग गिळून बसले.

ताई पुन्हा कुणाच्या वर्गात गेल्या नाहीत. एकदा तेवढं मला म्हणाल्या, "तूच येऊन बस नं एक दिवस. कोलामाचे लेकरं माह्या तासाले गप काहून राह्यतात? मी कुठं चुकून राह्यली, मले कोन सांगन?" "येते नं ताई," म्हटलं. गेले नाही. माझ्यावरही कागद येईल, ही भीती.

शोकसभेत तेच मुख्याध्यापक गहिवरून बोलले, "अखेरपर्यंत शिकत राहिलेल्या शिक्षिका." मेल्या म्हशीला मणभर दूध! अहो, शिकू कुठं दिलंत तुम्ही त्यांना? आणि आम्ही तरी? प्रशिक्षणात चहा पिऊन सह्या ठोकणारे आम्ही. शेजारच्या वर्गात बसून शिकणं तेवढं आम्हाला गुन्हा वाटलं.

पुढच्या आठवड्यात तिसरीचा वर्ग माझ्याकडे आला. मी खडू उचलला, तर कोलामांच्या पोडावरून, त्यांच्या वस्तीवरून, येणारी एक मुलगी उठली आणि माझी खुर्ची ओढत पार शेवटी नेऊन ठेवली.

"मॅडम, तुमी तिकडं बसा. आज शिकवाची माही पारी हाये."

"कुणाला शिकवणार?"

"तुमाले. आमच्या बोलीत वजाबाकी. आधीच्या मॅडम रोज शिकत होत्या... लय चुकत."

मी खडू तिच्या हाती दिला आणि मागे जाऊन बसले. ती कोलामीत काहीतरी बोलली आणि वर्गात हशा पिकला. एकही मूल गप्प नव्हतं. ताईंना त्यांचं उत्तर मिळालं होतं. आमच्यापैकी एकाकडूनही नाही.