काकांचा कोरा अर्ज

आज सकाळीही काकांनी चहा उभ्याउभ्याच घेतला. खिडकीपासून दारापर्यंत त्यांच्या येरझारा चालू होत्या आणि हातात नौदलाच्या कचेरीतून आलेला अर्ज होता. आपल्यामागे अस्थी सैनिकांच्या दफनभूमीत ठेवायच्या की समुद्रात सोडायच्या, एवढंच त्यात भरायचं होतं. मी अमेरिकेत त्यांच्याकडे सुट्टीला आल्यापासून तो कोराच होता.

हर्णैहून मालवाहू बोटीवर खलाशी म्हणून निघालेले काका या बंदरात उतरले, ते इथलेच झाले. इथल्या नौदलात त्यांनी वीस वर्षं काढली. रस्त्यात त्यांची नौदलाची टोपी पाहून अनोळखी माणसं आभार मानतात. काका हसतात आणि घाईघाईने पुढे चालू लागतात.

"समुद्रच लिहा की, काका. तुमचा जन्म त्यावरच गेला," मी म्हटलं.

"माझी आई वारली तेव्हा मी समुद्रावरच होतो गं. तार हातात पडली तेव्हा तिचं तेरावंही होऊन गेलं होतं."

 पोटासाठी माणूस कुठेही जातो, रुळतोही. पण कायमचं थांबायचं कुठे, हे विचारलं की त्याचे पाय असे घरभर फिरू लागतात.

अखेर काकांनी अर्जात 'दफनभूमी'पुढे खूण केली.

"समुद्रात सोडलं, तर भेटायला कुणी यायचं कुठे?" ते पुटपुटले.

"मी येईन ना."

"विमानाने ये," काका म्हणाले. "बोटीला फार उशीर होतो."