ओवीपुरता श्वास

नातीचं लग्न ठरलं तेव्हा सून म्हणाली, "आई, या वेळी ओव्या मोबाईलवर लावू. तुम्ही नुसत्या बसा."

"मग नवरीही फोटोतलीच बसव," मी म्हणाले. पण जिवाला लागलंच. सिन्नरजवळच्या आमच्या गावच्या घरी नवरीची हळद जात्यावर दळतात, आणि पहिली ओवी माझी असते. चुलीच्या धुरानं फुप्फुसं अधू झाली म्हणून तो मान सोडायचा? छे!

श्वासाच्या औषधाचा पंप मी इमानेइतबारे घेत होते, पण त्याच्याच भरवशावर बसूनही होते. सून पाण्याचा तांब्यासुद्धा हातात आणून द्यायची. तिची माया खरी, पण बसून बसून पाय चालणं विसरले होते.

नाशिकच्या दवाखान्यातल्या व्यायाम शिकवणाऱ्या पोरीनं मला हलवलं. "पंप चालूच ठेवा, पण रोज चालायचं. ओठ चिमटून हळू श्वास सोडा." मी असं जोरात फुंकलं की ती हसायलाच लागली. "आजी, चूल पेटवायची नाहीये. बशीतला चहा निववायचाय!" जोर लावताना श्वास बाहेर सोडायचा, हेही तिनं शिकवलं. मला गंमत वाटली. जात्यावर आम्ही दुसरं काय करत होतो? ओढ घ्यायची ती गाता गाताच.

मग आम्ही राहतो त्या नाशिकच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये रोज फेऱ्या सुरू केल्या. दुपारी स्वयंपाकघरात फरशीवर बसून जातं नसतानाच हात गोल फिरवत गायचे. सुनेला वाटलं, सासूला चळ लागला. धाप लागायचीच, पण मला तिची भीती वाटेनाशी झाली. पुढं वाकायचं, कोपरं गुडघ्यांवर टेकायची आणि हळू फुंकायचं. धाप आपसूक उतरते.

हळदीच्या दिवशी गावच्या घरी जात्यावर पहिली ओळ मी झोकात म्हटली. दुसरीत नातीचं नाव यायचं आणि नेमका तिथं दम संपला. सून पंप घेऊन धावली. मी तळवा दाखवून तिला थांबवलं. एका बाईनं ओळ पुरी करायला तोंड उघडलं, तर नवरीच कडाडली, "थांबा, आजी म्हणतेय!"

नुसतं जातं घरघरत राहिलं. मी ओठ चिमटले, सावकाश श्वास सोडला, नवा घेतला आणि माझ्या नातीचं नाव घेतलं.

सुनेनं डोळे पुसले, पंप कमरेला खोचला आणि माझ्यासमोर बसून खुंटा धरला. म्हणाली, "आई, पुढची म्हणा."